हिरव्या डब्याची माफी

कॅलिफोर्नियातल्या एखाद्या मध्यम शहरात किल्ल्या करून देणारं एक दुकान आहे असं समजा. दहा बाय वीस फुटांचा गाळा, एक मालक, एक मदतनीस. दिवसभरात कचरा म्हणून निघतो तो पितळेचा कीस, प्लॅस्टिकची वेष्टनं आणि फुटकी कुलपं. दोघांचं जेवण घरून डब्यातून येतं आणि डबा रिकामा होऊन घरी जातो. एके महिन्यात कचरा उचलणाऱ्या कंपनीच्या बिलात एक नवी ओळ येते: हिरवा डबा, आठवड्याला एक फेरी, अमुक इतके डॉलर. मालक फोन करतो. "माझ्याकडे ओला कचराच नाही, त्या डब्यात मी टाकू काय?" पलीकडून शांतपणे उत्तर मिळतं, की डबा घेणं कायद्याने बंधनकारक आहे, नको असेल तर शहराकडे माफीचा अर्ज करा.

हा अर्ज कुणाकडे जातो, कोण तपासतो, कशावर मंजूर होतो आणि कशावर परत येतो, हे नीट पाहिलं तर या कायद्याची जेवढी ओळख होते, तेवढी त्याच्या उद्दिष्टांचं पान वाचून होत नाही. उद्दिष्टं सगळ्याच कायद्यांची भव्य असतात. कायदा करणाऱ्यांना खरं जग किती माहीत होतं, ते सवलतींच्या कलमात दिसतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. कॅलिफोर्नियात २०१६ साली सिनेटर रिकार्डो लारा यांनी मांडलेलं सिनेट बिल १३८३ मंजूर झालं आणि गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यावर सही केली. कायदा मुळात कचऱ्याचा नाही, हवामानाचा आहे. डम्पिंग ग्राउंडवर उष्टंखरकटं, पालापाचोळा, कागद मातीखाली दाबला जातो, हवा मिळत नाही, आणि तो कुजताना मिथेन वायू बाहेर पडतो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८४ पट उष्णता धरून ठेवतो. राज्याचं कचरा खातं, म्हणजे कॅलरिसायकल, सांगतं की कॅलिफोर्नियातल्या एकूण मिथेनपैकी सुमारे २० टक्के डम्पिंग ग्राउंडमधल्या जैविक कचऱ्यातून येतो. वायू गोळा करणारे पाइप तिथे घातलेले असतात, पण अन्न इतक्या लवकर कुजतं की पाइप पडेपर्यंत बराच वायू निसटून गेलेला असतो. म्हणून हा कचरा तिथे पोचूच द्यायचा नाही, असं ठरलं. २०१४ साली जितका जैविक कचरा पुरला जात होता, त्यात २०२० पर्यंत ५० टक्के आणि २०२५ पर्यंत ७५ टक्के घट करायची.

नियम प्रत्यक्ष लागू झाले १ जानेवारी २०२२ ला. त्या दिवसापासून राज्यातल्या जवळपास पाचशे शहरांवर आणि ५८ काउंट्यांवर जबाबदारी आली की प्रत्येक घराला आणि प्रत्येक व्यवसायाला वेगळा जैविक कचरा उचलण्याची सेवा द्यायची. सर्वसाधारण पद्धत तीन डब्यांची. हिरव्यात अन्न आणि बागेचा कचरा, निळ्यात कागद-काच-डबे, करड्यात उरलेलं सगळं. मुलांकडे सनीव्हेल किंवा फ्रीमाँटला सहा महिने राहून आलेले आईवडील परतल्यावर जी वर्णनं करतात, त्यात फ्रीवेच्या खालोखाल या डब्यांचा नंबर लागतो. चहाची पिशवी कुठल्या डब्यात आणि तिचा दोरा कुठल्या, यावर सुनेने घेतलेली शाळा बऱ्याच जणांच्या लक्षात असते.

घरांना "माझा कचरा थोडा आहे" या सबबीवर सूट नाही. एकटा राहणारा म्हातारा असो की आठ जणांचं कुटुंब, डबा दारात येतो. पाच किंवा जास्त बिऱ्हाडांची इमारत मात्र नियमांच्या लेखी घर नसून व्यवसाय आहे, आणि व्यवसायांसाठी दरवाजा किंचित किलकिला ठेवलेला आहे. राज्याच्या नियमसंहितेतल्या १४ व्या शीर्षकात १८९८४.११ असा क्रमांक असलेलं एक कलम आहे. त्यातलं महत्त्वाचं क्रियापद "देऊ शकेल" असं आहे. शहराने सूट दिलीच पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही. एखाद्या शहराने ठरवलं की आम्ही कुणालाच माफी देणार नाही, तर ते कायद्याच्या चौकटीतच राहतं. दिली, तर मात्र तिथे लिहिलेल्या अटींवरच.

पहिली सूट अत्यल्प कचऱ्याची. तिची मोजपट्टी दोन टप्प्यांची आहे. ज्या व्यवसायाची कचरा उचलण्याची एकूण सेवा आठवड्याला दोन घनयार्ड किंवा त्याहून जास्त आहे, त्याचा जैविक कचरा आठवड्याला २० गॅलनपेक्षा कमी हवा. ज्याची एकूण सेवा दोन घनयार्डांहून कमी, त्याचा १० गॅलनपेक्षा कमी. दोन घनयार्ड म्हणजे साधारण १,५३० लिटर. वीस गॅलन म्हणजे ७६ लिटर, कार्यालयात पाण्याचे वीस लिटरचे जार येतात तसे पावणेचार जार. दहा गॅलन म्हणजे जेमतेम दोन जार. अर्थात दोन घनयार्डांचा कंटेनर लावणाऱ्या दुकानाला एकूण सेवेच्या पाच टक्क्यांइतका जैविक कचरा माफ आहे.

हे माप वजनाचं नाही, आकारमानाचं आहे. कारण अमेरिकेत दारातून कचरा उचलण्याचा व्यवहार बहुतेक डब्याच्या आकारावर चालतो. ट्रक किती घनयार्डांचा कंटेनर किती वेळा उचलतो यावर बिल लागतं, दारात तराजू घेऊन कुणी उभं राहत नाही. अर्ज तपासायलाही ते सोपं. पण त्यामुळे एक गंमत होते. भिजलेला कॉफीचा चोथा आणि सॅलडची पानं एकाच मापाने मोजली जातात. एका लिटरला अर्धा किलो असा ढोबळ हिशेब धरला तरी ७६ लिटर अन्नकचरा ३८ किलोंच्या घरात जातो, आणि तितक्याच जागेत मावणारे कागदी नॅपकिन चार-पाच किलोसुद्धा भरणार नाहीत. मिथेन मात्र डब्याच्या आकारावर ठरत नाही.

दुसरी गंमत दोन टप्प्यांच्या सांध्यावर आहे. एका रस्त्यावर दातांचे दोन दवाखाने शेजारी शेजारी आहेत असं धरा. दोघांचाही जैविक कचरा आठवड्याला १५ गॅलन. पहिल्याने दोन घनयार्डांची सेवा घेतली आहे. दुसऱ्याने वस्तू जपून वापरल्या, वेष्टनं कमी केली आणि दीड घनयार्डावर भागवलं. पहिल्याला २० गॅलनची मर्यादा लागते, तो सुटतो. दुसऱ्याला १० ची लागते, त्याच्या दारात हिरवा डबा येतो. ज्याने एकूण कचरा कमी केला त्यालाच डबा पडला. नियम करणाऱ्यांचा हेतू उलटा असणार. लहान व्यवसायाच्या एकूण कचऱ्यात जैविक भाग प्रमाणाने मोठा निघू शकतो, म्हणून मर्यादा कडक ठेवली. हेतू समजतो, पण रेषा कुठेतरी मारायची म्हटली की तिच्या दोन्ही बाजूंना असे शेजारी उभे राहणारच.

आता किल्लीवाल्याच्या अर्जाकडे. अर्ज साधा असतो: व्यवसायाचं नाव, पत्ता, कचरा कंपनीकडचा खाते क्रमांक, आत्ता असलेले डबे, त्यांचे आकार, आठवड्यातल्या फेऱ्या, कुठल्या प्रकारची सूट हवी त्यावर खूण, सोबत डब्यांचे फोटो आणि शेवटी "वरील माहिती खरी आहे" खाली सही. बहुतेक अर्ज अडतात ते "जैविक" या रकान्यात. सामान्य माणसाला जैविक म्हणजे भाजीची देठं आणि उरलेला पिझ्झा एवढंच वाटतं. या कायद्यात मात्र कागद, पुठ्ठा, लाकूड, सुती कपडा, शेणखत, सांडपाण्याचा गाळ हे सगळं जैविक आहे, कारण हवा न मिळता कुजलं की या सगळ्यातून मिथेन निघतो. म्हणजे निळ्या डब्यात जाणारं खोकंही जैविक. म्हणूनच मर्यादा "त्या त्या डब्यामागे" अशी लिहिली आहे. हिरव्या डब्याची माफी हवी असेल तर हिरव्यात गेला असता तो कचरा मोजायचा, निळ्याची हवी असेल तर निळ्यातला. आमच्याकडे अन्नच नाही म्हणून दोन्ही डबे रद्द करा, असा अर्ज करणारं वकिलाचं कार्यालय कागदावरच नापास होतं. त्याच्याकडे खरा ढीग कागदाचाच असतो.

मग पाहणी. काही शहरांत शहराचा कर्मचारी येतो, काही ठिकाणी शहराने नेमलेला सल्लागार. शहाणा निरीक्षक कचरा उचलण्याच्या आदल्या दिवशी येतो, कारण तेव्हा आठवडाभराचं सगळं डब्यात असतं. तो करड्या डब्याचं झाकण उघडतो आणि वरच्या थरावर समाधान मानत नाही. पिशव्या हातात घेऊन हलवतो. जड पिशवी म्हणजे आत ओलं काहीतरी आहे. किल्लीवाल्याच्या डब्यात काय सापडतं? कीस, वेष्टनं, आणि खाली कॉफीचे कागदी कप, फिल्टरसकट चोथा, मदतनिसाने अर्धवट टाकलेला बरिटो, हात पुसलेले कागदी टॉवेल. मालकाला हे आपल्या दुकानाचा कचरा वाटतच नाही. तो धंद्याचा माल नाही ना! निरीक्षकाला मात्र तो किती गॅलन आहे एवढंच बघायचं असतं. डब्याचा आकार माहीत असतो; ३२ गॅलनच्या डब्यात तळाचा सहावा हिस्सा ओला म्हणजे पाचएक गॅलन. दहाच्या आत. फोटो काढला, अंदाज लिहिला, तारीख टाकली. किल्लीवाला सुटला.

झाकण उघडून बघण्यावर सगळे खूश असतात असं नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या सिअ‍ॅटल शहराने २०१५ पासून कचऱ्याच्या डब्यात अन्न टाकायला बंदी केली आणि कचरा उचलणाऱ्या कामगारांना डब्यात डोकावून शेरा लावायला सांगितलं. काही नागरिक कोर्टात गेले. २०१६ साली किंग काउंटीच्या न्यायाधीशांनी निकाल दिला की वॉरंटशिवाय लोकांच्या कचऱ्याची अशी झडती घेणं राज्याच्या घटनेत बसत नाही. अन्नावरची बंदी राहिली, डोकावणं गेलं. माफीचा अर्ज करणाऱ्यावर हा प्रश्न येत नाही, कारण तोच तर निरीक्षकाला बोलावत असतो. कायद्याचं पालन करणाऱ्याच्या डब्यात डोकावायला वॉरंट लागतं की नाही यावर भांडण होतं, आणि सूट मागणारा स्वतःच झाकण उघडून दाखवतो!

दुसरी सूट जागेची, आणि माझ्या मते खरी वादावादी इथेच आहे. जुन्या गावठाणातल्या रेस्टॉरंटच्या मागे एक बोळ असतो. त्यात दोन कंटेनर आधीच उभे, पलीकडे अग्निशमन दलाच्या गाडीसाठी मोकळी ठेवायची पट्टी, अलीकडे अपंगांच्या पार्किंगची निळी खूण, आणि उरलेल्या जागेत मालाची गाडी लागते. तिसरा डबा ठेवायचा कुठे? अशा वेळी माफी मिळू शकते, पण मालकाच्या तोंडच्या शब्दावर नाही. शहराचा स्वतःचा कर्मचारी, कचरा कंपनी, परवानाधारक वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता यांच्यापैकी कुणाच्या तरी पुराव्यावरून जागा खरोखर नाही हे दिसलं पाहिजे.

आणि इथे शहरं पटकन हो म्हणत नाहीत. आधी वेगवेगळे उपाय सुचवले जातात. ओला कचरा वेगळा काढला की करडा कंटेनर अर्धा रिकामा राहणार, मग तो चारऐवजी दोन घनयार्डांचा घ्या, शेजारी हिरवा आपोआप मावेल. मोठ्या डब्याऐवजी छोटा घ्या आणि आठवड्यात तीन फेऱ्या करा. शेजारच्या दुकानाबरोबर एक डबा वाटून घ्या. यातला पहिला उपाय बऱ्याचदा लागू पडतो, कारण रेस्टॉरंटच्या कचऱ्यात मोठा वाटा अन्नाचाच असतो. "जागा नाही" याचा अर्थ पुष्कळदा "जागा आत्ता दुसऱ्या डब्याने अडवली आहे" असाच निघतो. ज्याला हे माहीत आहे तो निरीक्षक बोळात उभा राहून टेपने मोजतो. ज्याला माहीत नाही तो सही करून मोकळा होतो.

इथे एक गोष्ट खटकते. पुरावा देणाऱ्यांच्या यादीत कचरा उचलणारी कंपनी आहे. कॅलिफोर्नियातल्या पुष्कळ शहरांत या कंपनीकडे त्या शहराचा एकाधिकाराचा ठेका असतो. डबा लागला तर तिचं बिल वाढतं, डबा सुटला तर घटतं. बोळात आपला ट्रक वळत नाही हे तिच्या चालकाइतकं कुणालाच ठाऊक नसतं, हे खरं. पण ज्याचा डब्यातून पैसा येतो त्यालाच डबा मावतो का असं विचारायचं, यात जो धोका आहे तो कागदावर कुठेच दिसत नाही. वास्तुविशारदाला स्वतःच्या खिशातून फी द्यायची ऐपत असलेला मालक दुसरा पुरावा आणू शकतो. टाको विकणाऱ्याला ते परवडत नाही.

परवडण्याचा विषय निघालाच आहे, तर नियमांत "खर्च झेपत नाही" हे माफीचं कारणच नाही. दोनच प्रश्न विचारले जातात: कचरा किती, आणि जागा किती. उत्पन्न किती हे कुणी विचारत नाही. मला हे कठोर वाटतं, पण त्यामागचं गणित समजतं. खर्चावर सूट दिली असती तर प्रत्येक अर्जासोबत नफातोट्याचं पत्रक आलं असतं आणि शहराच्या कचरा विभागाला हिशेबतपासनीस नेमावे लागले असते. गॅलन डोळ्यांनी दिसतात, तोटा दिसत नाही.

नव्या इमारतींना ही जागेची पळवाट हळूहळू बंद होते आहे. राज्याच्या हरित बांधकाम संहितेप्रमाणे नव्या इमारतीत पुनर्वापराच्या आणि जैविक कचऱ्याच्या डब्यांसाठी जागा आखावी लागते, आणि २०१६ च्या कायद्याच्या नियमांनी शहरांना ती तरतूद पाळायला लावलं आहे. म्हणजे जागेची माफी ही मुळात जुन्या भिंतींची माफी आहे.

तिसऱ्या सवलतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. निळा आणि करडा डबा दर आठवड्याऐवजी दोन आठवड्यांनी उचलायची मुभा शहर देऊ शकतं, आणि ही घरांनाही मिळते. हिरव्याला ती नाही. का नाही, हे मे महिन्यात ओला कचरा आठ दिवस घरात ठेवलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

माफीशिवाय डबा टाळायचा एक सरळ मार्गही आहे. आपला कचरा आपणच नेणं. बागकाम करणारा कंत्राटदार पालापाचोळा स्वतःच्या ट्रकमधून खतप्रकल्पात नेतो, त्याला हिरव्या डब्याची सक्ती करून उपयोग नाही. पण मग पावत्या जपून ठेवायच्या, कुठे नेला, किती नेला याची नोंद ठेवायची. मागितली की दाखवायची. आपल्याकडे ज्याला स्वयंघोषणा म्हणतात तसली ही नव्हे.

आणखी एका बंधनाला मात्र या माफ्यांचा स्पर्श होत नाही. मोठे सुपरमार्केट, घाऊक अन्नविक्रेते यांच्यावर २०२२ पासून आणि २५० किंवा जास्त आसनांची रेस्टॉरंट, मोठी हॉटेलं, रुग्णालयं यांच्यावर २०२४ पासून खाण्याजोगं उरलेलं अन्न गरजूंपर्यंत पोचवणाऱ्या संस्थांना देण्याची सक्ती आहे. बोळात डबा मावत नाही म्हणून डबा सुटेल. उरलेलं चांगलं अन्न फेकायची परवानगी त्याने मिळत नाही.

आतापर्यंत शहर माफी देत होतं. पण शहरालाही माफी मागावी लागते, राज्याकडे. २०१४ साली ५,००० टनांहून कमी कचरा टाकणारी आणि ७,५०० हून कमी वस्तीची शहरं तसा अर्ज करू शकतात. दोन्ही अटी एकदम का, हे लॉस एंजेलिसला खेटून असलेल्या व्हर्ननकडे बघितलं की कळतं. २०२० च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या २२२ होती. आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी. पण व्हर्नन म्हणजे घरं नव्हेत, कारखाने आणि गोदामं. मांस आणि अन्नप्रक्रियेचे उद्योग तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नुसती डोकी मोजली असती तर असं शहर चाळणीतून अलगद खाली पडलं असतं.

मला सर्वांत आवडलेली सूट उंचीची आहे. समुद्रसपाटीपासून ४,५०० फूट किंवा त्याहून उंच असलेल्या गावांना अन्नकचरा वेगळा करण्यातून सूट मागता येते. ४,५०० फूट म्हणजे साधारण आपल्या महाबळेश्वराची उंची. कारण थंडी नाही, अस्वलं. लेक टाहो किंवा मॅमथ लेक्सच्या परिसरात कचऱ्याच्या वासावर अस्वलं वस्तीत शिरतात, आणि एकदा चटावलेलं अस्वल पुन्हा पुन्हा येतं. शेवटी त्यात अस्वलाचाच जीव जातो. उष्ट्या अन्नाने भरलेला वेगळा डबा आठवडाभर दारात ठेवणं म्हणजे त्यांना आमंत्रण. म्हणून अन्न आणि अन्नाने माखलेला कागद यांपुरती माफी. पाइनच्या काड्या आणि बागेचा कचरा अस्वल खात नाही, तो वेगळा करावाच लागतो. नियम करताना कुणीतरी डोंगरातल्या माणसाचं ऐकलं होतं, हे या एका कलमात स्पष्ट दिसतं.

आपल्याकडे काय झालं? २०१६ सालीच भारतानेही घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आणले. दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारे मोठे उत्पादक ठरले, आणि ५,००० चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी व संस्थांनी ओला कचरा आवारातच जिरवावा असं सांगितलं गेलं. पण वाक्यात तीन शब्द होते: शक्य असेल तोवर. किती शक्य, कुणी मोजायचं, कुठल्या अर्जावर, कुणाच्या पाहणीनंतर, याबद्दल काही नव्हतं. मुंबई महापालिकेने २०१७ साली मोठ्या सोसायट्यांना २ ऑक्टोबरची मुदत दिली, त्यानंतर ओला कचरा उचलणार नाही असं बजावलं. सोसायट्यांच्या सभा झाल्या. जागा नाही, पार्किंग जाईल, वास येईल, यंत्राचे पैसे कोण देणार. यातली कित्येक कारणं शंभर टक्के खरी होती. चाळीस वर्षं जुन्या इमारतीच्या आवारात खरंच खड्ड्याला जागा नसते. पण खरं कारण आणि टाळाटाळ यांत फरक करणारं टेबलच कुठे नव्हतं. मग मुदतवाढ मिळाली, लेखी हमी देणाऱ्या सगळ्यांना सारखीच.

सूट लिहून ठेवली की ती मोजता येते, नाकारता येते, काढूनही घेता येते. लिहिली नाही तर ती ओळखीवर आणि दमावर मिळते: नोटीस आली की नगरसेवकाकडे जाणारा सेक्रेटरी सुटतो, आणि निमूटपणे पदरमोड करून खतयंत्र आणणारी सोसायटी देखभालखर्च वाढला म्हणून सभासदांच्या शिव्या खाते. पुण्यात महापालिका गांडूळ खत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांसाठी मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देते. प्रोत्साहन म्हणून ती चांगलीच. पण ती करणाऱ्याला बक्षीस आहे. न करू शकणाऱ्याचं काय करायचं याचं उत्तर त्यात नाही.

कॅलिफोर्नियाची पद्धत यशस्वी ठरली म्हणून मी तिचे गोडवे गातो आहे, असं कुणी समजू नये. २०२० चं उद्दिष्ट हुकलं. २०२३ साली लिटल हूव्हर कमिशन या राज्याच्या स्वतंत्र देखरेख संस्थेने कायद्याची अंमलबजावणी काही काळ थांबवून फेरविचार करावा अशी शिफारस केली. खतप्रकल्प पुरेसे नाहीत, लहान गावांवर बोजा पडतो, लोकांना नियम कळत नाहीत, अशी तक्रार होती. कायदा थांबला नाही. पण माफीचं यंत्र मात्र त्यातल्या त्यात कुरकुर न करता चाललं, आणि त्याचं कारण शहरांचा उदारपणा नाही. शहरांना भीती आहे.

डबा न घेणाऱ्या व्यवसायाला पहिल्यांदा ५० ते १०० डॉलर दंड, दुसऱ्यांदा १०० ते २००, त्यापुढे २५० ते ५००. तोही २०२४ पासून लागू झाला. शहराने कसूर केली तर राज्य शहराला लावतं तो दंड गंभीर उल्लंघनासाठी दिवसाला १०,००० डॉलरपर्यंत जातो. तेव्हा शहराच्या दृष्टीने प्रत्येक माफी हा एक जोखमीचा कागद असतो. किती अत्यल्प कचऱ्याच्या दिल्या, किती जागेच्या दिल्या, हे आकडे दरवर्षी राज्याला कळवायचे. प्रत्येक माफीची प्रत अंमलबजावणीच्या दप्तरात ठेवायची, पाच वर्षं जपायची. दर पाच वर्षांनी तरी पुन्हा पाहणी करायची. मध्येच कळलं की मर्यादा ओलांडली गेली आहे, तर माफी रद्द करायची. यात शहराला मर्जी नाही.

कॅलरिसायकलने मागितलं की ते दप्तर दहा कामकाजाच्या दिवसांत दाखवावं लागतं. राज्याचा माणूस एखादी फाइल काढून विचारू शकतो, की या दंतवैद्याला जागेची माफी दिलीत ती कुणाच्या पुराव्यावर? फाइलमध्ये बोळाचा फोटो, टेपचं माप आणि अभियंत्याचा शिक्का असेल तर प्रश्न तिथेच संपतो. नुसतं "जागा अपुरी" असं लिहून सही केलेली असेल, तर त्या दिवसापुरता कचरा दंतवैद्याचा राहत नाही, शहराचा होतो. हे माहीत असलेले कचरा विभागातले लोक अर्जाचा फोटो अंधुक आला तरी परत पाठवतात, आणि दुकानदार चिडतात.